ओळ सांगणारे सर

“आणि मला त्यातला एकही शब्द खरा वाटत नसेल तर?”

डॉक्टर अमोलिकांनी हे विचारलं तेव्हा लाजरबाबा चर्चच्या पायरीवर सतरंजी झटकत होते. सकाळची प्रार्थना नुकतीच आटोपली होती. माणसं कामाला गेली होती.

“मग?” लाजरबाबा म्हणाले.

“मग मी इथे येऊ नये. तेच प्रामाणिक.”

लाजरबाबांनी सतरंजीचं दुसरं टोक त्यांच्यापुढे केलं. डॉक्टरांनी ते धरलं. दोघांनी मिळून घडी घातली.

टाकळीची ख्रिस्ती मंडळी लहान. तीस-बत्तीस घरं. पाळकसाहेबांकडे पाच गावं असल्यामुळे ते इथे महिन्यातून दोनच रविवारी येत. बाकीचं सगळं, म्हणजे रोज सहाची प्रार्थना, आजाऱ्याच्या घरी जाणं, मयताला उभं राहणं, हे लाजरबाबा बघत. ते मंडळीचे वडील, म्हणजे वडीलधारे पुढारी, होते. वय ऐंशीच्या पुढे. शाळा दुसरीपर्यंत.

अमोलिक औषधाचे डॉक्टर नव्हते. पुण्यातल्या एका कॉलेजात त्यांनी छत्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या गावी, टाकळीला येऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. पाळकसाहेबांच्या प्रवचनातल्या चुका ते घरी जाताना सुवर्ताबाईंना सांगत, आणि सुवर्ताबाई “हं” म्हणत. आठ महिन्यांपूर्वी सुवर्ताबाई गेल्या.

डॉक्टरांनी खिशातून पाकीट काढलं.

“पंचांना पत्र आहे. मंडळीच्या यादीतून माझं नाव काढावं म्हणून.”

“वाचून दाखवा.”

तीन पानांचं पत्र होतं. त्यात सात कारणं दिली होती, क्रमांक घालून. पहिल्या सहा कारणांना डॉक्टरांचा आवाज वर्गातला होता. सातवं एका वाक्याचं होतं. सकाळी उठल्यावर उठायचं कशासाठी, हे मला आठ महिने कळत नाही, आणि इथे येऊनही कळलेलं नाही.

तिथे आवाज उतरला.

लाजरबाबा घडी केलेली सतरंजी मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

“पुढं कुठं जाणार?” त्यांनी विचारलं.

“पुण्याला. एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली आहे. स्वतंत्र आहे. दार आतून लावता येतं.”

“पंचांची बैठक पंधरा दिवसांनी आहे. तोवर पत्र माझ्याकडं राहू द्या.”

“चालेल.”

“आणि तोवर एक काम करा. सकाळी ओळ सांगा. माझा घसा बसलाय.”

टाकळीला जुनी रीत होती. गीत म्हणताना एकाने पुढे उभं राहून एक ओळ मोठ्याने सांगायची, मग सगळ्यांनी ती गायची. मग पुढची ओळ. लाजरबाबा चाळीस वर्षं ओळ सांगत आले होते.

“बाबा, मी आत्ताच काय सांगितलं तुम्हांला? जे मला खरं वाटत नाही ते मी कसं सांगू?”

“तुम्ही नुसतं सांगायचं. गाणारे आम्ही आहोत की.”

“तो खोटेपणा होईल.”

“पोस्टमन घरोघर पत्रं टाकतो. त्यातलं सगळं त्याला पटलेलं असतं का?”

डॉक्टरांकडे याला उत्तर होतं. ते सांगावं की नाही, याचा ते विचार करत राहिले. तेवढ्यात लाजरबाबा सतरंजी घेऊन आत गेले.

पहिल्या दिवशी सात माणसं होती. डॉक्टर टेबलामागे उभे राहिले. टेबलाचा एक पाय आखूड होता. हात टेकला की ते डुगडुगायचं. डॉक्टरांनी गीतं उतरवून घेतलेल्या वहीत बघून ओळ सांगितली. माणसांनी गायली. डॉक्टरांनी पुढची सांगितली.

मार्ताबाई पुढेच बसल्या होत्या. चौदा वर्षांपासून त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्या सांगणाऱ्याचे ओठ बघत आणि सगळ्यांच्या अर्धा शब्द मागून गात, स्वतःच्याच एका सुरात.

प्रार्थना झाल्यावर त्या म्हणाल्या, “सर, तोंड उघडा की जरा. हजेरी घेतल्यासारखं काय पुटपुटताय?”

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. पण घरी गेल्यावर त्यांनी आरशासमोर उभं राहून ओठ उघडून पाहिले. दाढी बरीच वाढली होती.

दुसऱ्या दिवशी टेबल डुगडुगलं नाही. सुताराला बोलावलं असेल, असं डॉक्टरांना वाटलं.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “मार्ताबाईंना ऐकूच येत नाही. मग त्या कशासाठी येतात?”

“विचारा त्यांना.”

डॉक्टरांनी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी त्यांना यायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. गजर ऐकून ते परत आडवे झाले होते. आता सगळं आटोपलं असेल, असं धरूनच ते आले. सात माणसं सतरंजीवर बसून होती. प्रेमदास ट्रॅक्टर चालवायचा, त्याचा मालक बाहेर हॉर्न वाजवत होता. प्रेमदासही बसून होता.

“सुरू करायचं होतंत,” डॉक्टर म्हणाले.

“ओळ सांगणारे तुम्ही,” लाजरबाबा म्हणाले.

त्या दिवशी डॉक्टरांनी घरी जाऊन गजराचं घड्याळ पलंगापासून लांब, खिडकीत ठेवलं.

आठव्या दिवशी लाजरबाबांची शेळी चर्चच्या कुंपणात घुसली. लाजरबाबांनी तिला अशी हाक मारली की रस्त्यापलीकडची माणसं वळून बघायला लागली.

“घसा बरा झाला वाटतं,” डॉक्टर म्हणाले.

“शेळीपुरता.”

दहाव्या दिवशी डॉक्टर बाजारात गेले. मंडळीतल्या राहेलबाई तिथे भाजी विकत. त्या वांगी तोलत होत्या आणि तोलता तोलता सकाळचं गीत म्हणत होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही ओळ न चुकता.

डॉक्टर भाजी न घेताच, रिकामी पिशवी घेऊन परत फिरले. लाजरबाबा ओट्यावर बसून मटकी निवडत होते.

“राहेलबाईंना गीत पाठ आहे.”

“हो.”

“प्रेमदासला?”

“त्यालाही.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. मार्ताबाईला तर माझ्या आधीपासून.”

“मग मी दहा दिवस काय करतो आहे?”

लाजरबाबांनी मटकीतला एक खडा बाजूला काढला.

“माझ्या आज्याच्या वेळी कुणालाच वाचता येत नव्हतं,” ते म्हणाले. “तेव्हा ही रीत पडली. मग पोरं शिकली. छापील पुस्तकं आली.”

“मग तेव्हाच का नाही बंद केली?”

“पाठ असलेलं घरी बसूनही म्हणता येतं, सर.”



“म्हणजे माझी तशी गरज नाही,” डॉक्टर म्हणाले.

“भाजी नाही आणलीत?” लाजरबाबा म्हणाले.

डॉक्टर परत बाजारात गेले.

पंधराव्या दिवशी पंचांची बैठक होती, दुपारी चारला. सकाळी नेहमीची सात माणसं होती. राहेलबाई म्हणाल्या, “सर, आज ‘आज उजाडले’ घ्या ना.”

ते गीत टाकळीचंच होतं. गावातल्या कुण्या जुन्या मास्तरांनी रचलेलं. डॉक्टरांनी वहीत ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. सुवर्ताबाई सकाळी चहाचं आधण ठेवताना ते म्हणत. डॉक्टर तेव्हा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असत.

डॉक्टरांनी वहीचं मागचं पान उघडलं. त्यांनी टेबलावर हात टेकला.

“आज उजाडले तुझ्या दयेने.”

सगळ्यांनी गायलं.

“चालव मजला आजच्यापुरते.”

सगळ्यांनी गायलं.

तिसरी ओळ वहीत समोर होती. डॉक्टरांनी तोंड उघडलं…

आवाज फुटला नाही.

त्यांनी टेबलावरच्या पेल्यातून पाण्याचा घोट घेतला. पुन्हा वहीत पाहिलं. अक्षरं दिसत होती. ओळ काही येईना.

कोणी पुढे गायलं नाही. राहेलबाईंनी पदर सारखा केला. प्रेमदास खाली बघत राहिला. बाहेर त्याच्या मालकाने हॉर्न वाजवला, परत वाजवला, मग बंद केला. सगळ्यांना पाठ असलेली ओळ होती, आणि सातही जण थांबून होते.

डॉक्टरांनी लाजरबाबांकडे पाहिलं. लाजरबाबांनी डोळे मिटले होते.

मार्ताबाई डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होत्या. ते बराच वेळ हलले नाहीत, तेव्हा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. टेबलापाशी आल्या. डॉक्टरांच्या तोंडासमोर तोंड आणून, लहान मुलाला शिकवावं तसे ओठ सावकाश हलवत त्यांनी ओळ सांगितली.

“पुढचे न पुसे, पुढचे तुझे ते.”

आणि त्या थांबल्या.

ओळ सांगितली की ती गायची असते. गाणारं त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. सगळे डॉक्टरांकडे बघत होते.

पंधरा दिवसांत डॉक्टर एकदाही गायले नव्हते. त्याआधीचे आठ महिनेही नाही. ते गायले. सूर चुकला. मधे एकदा श्वास तुटला.

मार्ताबाईंनी ते ओठ शेवटपर्यंत पाहिले. मान हलवली. पुढची ओळ सांगितली.

“दिवा पुरे मज आजच्यापुरता.”

ही सगळ्यांनी मिळून गायली.

माणसं गेली. प्रेमदास पळतच गेला. मार्ताबाई चपला घालताना डॉक्टरांना म्हणाल्या, “आज तोंड उघडलंत बघा.”

लाजरबाबा सतरंजी गोळा करत होते. डॉक्टर वही घेऊन तिथेच उभे होते.

“बैठक आज चारला ना?”

“चारला.”

“माझं पत्र…”

“आहे की. जपून ठेवलंय. हवं तर काढून घ्या.”

“कुठे?”

लाजरबाबांनी टेबलाच्या खाली बोट दाखवलं.

डॉक्टर वाकले. टेबलाच्या आखूड पायाखाली पाकीट होतं. तीन पानं आत ठेवून त्याची चौपदरी घडी घातलेली. चौदा दिवसांत ती घट्ट बसून चपटी झाली होती. कोपऱ्यावर त्यांच्या हस्ताक्षरातलं ‘पंच, टाकळी मंडळी’ अजून वाचता येत होतं.

त्यांनी ती घडी ओढली. टेबल कलंडलं. वरचा पाण्याचा पेला घसरत कडेला आला. डॉक्टरांनी तो एका हाताने धरला. दुसऱ्या हातात पत्र होतं.

ते तसेच वाकून राहिले. पाठीत कळ येईपर्यंत…

मग त्यांनी घडी होती तिथे परत सारली. पाय तिच्यावर नीट बसला की नाही ते पाहिलं. हळूहळू उठून उभे राहिले. पेला मधोमध ठेवला.

“यातली सातही कारणं अजून खरी आहेत, बाबा.”

लाजरबाबांनी टेबलावर हात टेकून जोर देऊन पाहिला.

“असतील,” ते म्हणाले. “टेबल हलत नाही.”