पडद्याकडे पाठ

"आणि तरीही तुम्ही गप्प बसलात, गुरुजी? का?"

यशोधन बारबोले हे तिसऱ्यांदा विचारत होता.

कोळेकर गुरुजी ओसरीवर शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांनी एक शेंग मोडली, तिची शीर ओढून काढली आणि तुकडे ताटात टाकले.

"कशाबद्दल म्हणालास?"

यशोधनने कपाळाला हात लावला.

मारुती कोळेकरांनी बार्शीत छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलं आणि शाळा सुटल्यावर एकेचाळीस भयकादंबऱ्या लिहिल्या. त्या सोलापूरपासून नागपूरपर्यंत वाचल्या गेल्या. वाचनालयांत त्यांच्या प्रतींची शेवटची पानं नेहमी फाटलेली असायची, कारण घाईने उलटली जायची. आता गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि त्यांच्या 'कुलूपवाडी' या कादंबरीवर पहिल्यांदाच सिनेमा निघाला होता.

यशोधन कॉलेजात इतिहास शिकवायचा. पण त्याची खरी ओळख वेगळी होती. तो कोळेकर वाचक मंडळाचा अध्यक्ष होता. दोनशे बारा सभासद. एकेचाळीसही कादंबऱ्या त्याला पान क्रमांकासह पाठ होत्या. कुणी एखादं वाक्य चुकीचं म्हटलं की तो तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. एकदा तर त्याने लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात धरून नवरदेवाच्या काकांना दुरुस्त केलं होतं. ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

त्याने पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला.

"त्रेसष्ट चुका आहेत, गुरुजी. मी तीनदा सिनेमा पाहिला आणि मोजल्या."

"तीनदा... भीती वाटली का कुठं?"

यशोधन हसला.

"मला भीती वाटत नाही. पुढचं सगळं माहीत असतं ना."

"हं."

"विहीर पूर्वेला दाखवलीये. तुम्ही पश्चिमेला लिहिलीये, पान एकोणतीस. हिराबाईचं लुगडं हिरवं केलंय. ते सगळं एक वेळ सोडून देऊ. पण शेवट!"

"शेवटाचं काय झालं?"

"हिराबाई दार उघडते, गुरुजी!"

शेंग मोडणारा हात थांबला.

"उघडते?"

"उघडते! अख्ख्या ओसाड वाडीत ती एकटी. बाहेरून तिच्या मेलेल्या लेकीचा आवाज येतोय. तुमच्या पुस्तकात ती कडीवरचा हात काढून घेते आणि तिथेच कादंबरी संपते. त्यापेक्षा धीट शेवट कुणी लिहिलेला नाही, हे मी तीन व्याख्यानांत सांगितलंय. आणि हे मुंबईचे लोक सरळ दार उघडून मोकळे झाले!"

"...मग?"

"मग काय?"

"उघडल्यावर काय होतं?"

यशोधन त्यांच्याकडे बघतच राहिला. ज्यांच्या पुस्तकासाठी तो महिनाभर भांडत होता ते गुरुजी, वर्गातल्या पोरासारखे, पुढे काय झालं ते विचारत होते.

त्याने कागद त्यांच्यापुढे ठेवला. चुकांच्या यादीखाली निवेदन होतं. 'हा चित्रपट माझ्या कादंबरीशी इमान राखत नाही. माझा त्याच्याशी संबंध नाही.' खाली सहीसाठी जागा सोडली होती. रविवारी मंडळाचं वार्षिक संमेलन होतं. तिथे हा कागद वाचायचा आणि वर्तमानपत्रांना पाठवायचा, असं ठरलं होतं. म्हणजे यशोधनने ठरवलं होतं.

"मंडळात सगळ्यांचं हेच मत?"

"एकमताने ठराव झालाय."

"एकानंही वेगळं म्हटलं नाही?"

यशोधनने चष्मा काढून पुसला.

"एक बाई होत्या. कसपटे म्हणून. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. सिनेमाचा शेवट त्यांना जास्त आवडतो म्हणाल्या. भर सभेत! तुमची चारच पुस्तकं वाचलीत त्यांनी. मी विचारलं, कुलूपवाडीत घरं किती? सांगता आलं नाही. मी त्यांचं नाव यादीतून कमी केलं."

"किती आहेत?"

"काय?"

"घरं."

"सतरा."

"असतील," गुरुजी म्हणाले.

ते उठले, शेंगांचं ताट आत ठेवून आले आणि खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली.

"चल. सिनेमा बघून येऊ. मग सही करतो." यशोधनने कागद परत पिशवीत ठेवला.

दुपारचा तीनचा खेळ होता. दोघं पोचले तेव्हा थिएटरात दिवे मंद झाले होते. आत पन्नासेक माणसं असतील. बाजारला आलेले, कॉलेजची पोरंपोरी, पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेला एक हमाल.

यशोधन मधल्या रांगेकडे वळला. गुरुजी मात्र सरळ पुढे चालत गेले. पडद्याखाली जुन्या रंगमंचाचा लाकडी कठडा होता. जुन्या काळी तिथे नाटकं व्हायची. त्या कठड्यावर ते टेकले, पडद्याकडे पाठ करून.

दारावरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला.

"ओ आजोबा, हितं न्हाई बसायचं..." त्याने उजेड तोंडावर मारला आणि लगेच खाली केला. "गुरुजी तुमी?"

"बबन ना रे? पाढे येतात का आता?"

"सोळापातूर येत्यात."

"बसू का इथं?"

"बसा की... पर पडदा तिकडं हाय."

"असू दे."

गुरुजींनी यशोधनला हाताने शेजारी बोलावलं. आख्ख्या थिएटरासमोर, तोंड लोकांकडे करून. पहिल्या रांगेतला हमाल मोठ्याने हसला. यशोधनचे कान तापले. मंडळाच्या अध्यक्षाला गावात ओळखणारी माणसं होती. पण गुरुजींना नाही म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो जाऊन बसला.

"गुरुजी, असं दिसणार काय?"

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

सिनेमा सुरू झाला. यशोधनला फक्त पाठीमागचे आवाज ऐकू येत होते आणि समोर चेहरे दिसत होते. चेहऱ्यांवर कधी निळा उजेड पडायचा, कधी पिवळा. आवाजावरून कोणता प्रसंग चाललाय हे तो नेमकं ओळखत होता. चूक क्रमांक चार. चूक क्रमांक अकरा. तो मनात मोजत होता.

सतराव्या चुकीपाशी तो मोजायचं विसरला...

कारण हमालाने पसरलेले पाय जवळ घेतले होते.

मग एका पोरीने ओढणी तोंडात धरली. भेळेची पुडी घेऊन बसलेल्या माणसाचा घास हातातच राहिला होता. बाजारला आलेली एक म्हातारी पुढे वाकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

आणि सातव्या रांगेत कसपटेबाई होत्या.

पांढरी साडी, खांद्याला पर्स. बहुतेक ड्युटी संपवून तशाच आल्या होत्या. शेजारच्या बाईशी त्यांची ओळख नसावी, कारण मध्ये एक खुर्ची रिकामी होती. तरी त्या दोघींनी त्या रिकाम्या खुर्चीवर एकमेकींचे हात घट्ट धरले होते.

पाठीमागे दारावर थाप पडली.

शेवटचा प्रसंग. यशोधनला संवाद पाठ होते. "आई... कडी काढ की."

समोरचे पन्नास चेहरे एकदम स्थिर झाले. श्वाससुद्धा ऐकू येईना.

"उघडू नगं गं बाई," म्हातारी म्हणाली. "उघडू नगं..."

दुसरी थाप.

यशोधनच्या मानेवर काटा आला. त्याला कळेना, काय होतंय. पाठीमागे काय आहे हे त्याला माहीत होतं. दार होतं, कडी होती, हिरवं लुगडं होतं. तो तीन वेळा पाहून गेला होता. पण आता सगळी माणसं त्याच्या पाठीमागे बघत होती, त्याच्या खांद्यावरून, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते कुठल्याच पानावर छापलेलं नव्हतं. मान वळवून बघावंसं वाटत होतं. मान वळेना. तळहात ओले झाले होते. इयत्ता सहावीत, पिठाच्या गिरणीत, पोत्यांआड लपून 'कुलूपवाडी' पहिल्यांदा वाचताना असंच झालं होतं. त्यानंतर आजच.

त्याने गुरुजींचा दंड धरला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते चेहऱ्यांकडेच बघत होते.

कडी वाजली. दार करकरलं.

कुणीही किंचाळलं नाही. कसपटेबाईंनी फक्त डोळे मिटले. मग उघडले. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्यांचा चेहरा... यशोधनला शब्द सापडेना. खूप दिवसांचं ओझं खाली ठेवल्यावर माणूस जसा दिसतो, तसा.

दिवे लागले. लोक उठले. हमाल जाता जाता म्हणाला, "म्हाताऱ्या, चांगला पिच्चर चुकवलास की."

"हो ना," गुरुजी म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर कसपटेबाई उभ्या होत्या. यशोधनला पाहून त्यांनी पदर सावरला आणि कप खाली ठेवला. निघायच्या बेतात होत्या. मग त्याच्या शेजारचा माणूस त्यांनी ओळखला. त्या वाकून पाया पडल्या.

"कितव्यांदा पाहिलास?" गुरुजींनी विचारलं.

"आठव्यांदा." त्यांनी यशोधनकडे बघितलं. "सर, मला माहितीय, पुस्तकात तसं नाहीये. मी पुस्तकाला नावं ठेवली नव्हती."

"मग का येतेस?" गुरुजी म्हणाले.

बाईंनी टपरीवाल्याकडून दोन कप घेऊन दोघांच्या हातात दिले.

"मी सोळा वर्षांची असताना माझी थोरली बहीण सासरहून निघून आली होती. भर दुपारी, हातात गाठोडं. वडील म्हणाले, दार उघडायचं नाही, आली तशी जाईल. मी कडीला हात लावून उभी होते. तिनं तीनदा हाक मारली. माझं नाव घेऊन." त्यांनी पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला. "मी हात काढून घेतला."

टपरीवाल्याने स्टोव्हला पंप मारणं थांबवलं.

"आता ती लातूरला असते. बरी आहे. सणासुदीला बोलतो आम्ही. पण ते कधी निघत नाही, तीही काढत नाही. तुमचं पुस्तक वाचलं तेव्हा मी चार दिवस जेवले नाही, गुरुजी. वाटलं, ह्यांना कसं कळलं... आणि इथं ती बाई दार उघडते. रोज उघडते. तीनच्या खेळाला, सहाच्या खेळाला. मी फक्त तेवढंच बघायला येते."

यशोधन चहाच्या कपाकडे बघत होता. चहावर साय धरली होती.

"पोरी," गुरुजी म्हणाले, "मलाही तिला दार उघडायला लावायचं होतं."

यशोधनने झटकन वर पाहिलं.

"तीन दिवस मी त्याच ओळीवर अडून होतो. उघडलं तर बाहेर कोण असेल ते मला लिहावं लागलं असतं. माझी स्वतःची एक लेक गेलेली होती... हात चालेना. शेवटी हिराबाईचा हात कडीवरून काढला आणि खाली 'समाप्त' लिहून टाकलं."

"पण गुरुजी," यशोधनचा आवाज चिरकला, "तो तर तुमचा सगळ्यात धीट..."

"मी भ्यालो होतो."

गुरुजींनी रिकामा कप टपरीवर ठेवला.

बाईंनी पुन्हा एकदा गुरुजींच्या पायांना हात लावला. यशोधनला त्यांनी नमस्कार केला, सभेत करतात तसा, आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या. त्यांची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तो बघत होता.

मग त्याने पिशवीतला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.  गुरुजींनी टपरीवाल्याला आणखी अर्धा चहा सांगितला.

यशोधनने घसा साफ केला. मान ताठ केली. व्याख्यानाला उभं राहण्याआधी तो नेहमी तशी करायचा.

"गुरुजी, माझ्याकडून चूक झाली. मी मोठ्या मनाने मान्य करतो. रविवारी संमेलनात, सगळ्यांसमोर, कसपटेबाईंचं नाव मी पुन्हा यादीत घालीन."

गुरुजींनी बशीतला चहा फुंकला. एक घोट घेतला. रस्त्याच्या टोकाकडे नजर टाकली.

"अजून वळणापाशीच असेल ती," ते म्हणाले. "पळ."