पाच वर्षांत एकदाच

मिरजेत बापूसाहेब मगदुमांची वरची खोली भाड्याने मिळणं म्हणजे परीक्षाच असे. शशिकलाबाई पाटोळे आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला, खंडूला, घेऊन आल्या, तेव्हा बापूसाहेबांनी झोपाळ्यावरूनच हात हलवला.

"बाई, कुत्रं चालणार नाही. भुंकून लोकांना त्रास देतं. आधीच्या जागेत तक्रार झाली होती ना? मी चौकशी केलीय."

"झाली होती," शशिकलाबाई म्हणाल्या. "पाच वर्षांत हा एकदाच भुंकला. मी बाजारात गेले होते आणि आमचे हे न्हाणीत पडले होते. तासभर दाराशी भुंकत होता. तीन शेजाऱ्यांनी मालकाकडे तक्रार केली, पण दार कुणीच वाजवलं नाही. मी परतले तेव्हा सगळं संपलं होतं. आता तुम्हीच सांगा बापूसाहेब, तुमच्याकडे कुत्रं भुंकलं, तर तक्रार येते की माणूस?"

झोपाळा थांबला. बापूसाहेबांनी किल्ली पुढे केली आणि ते खालमानेनं म्हणाले, "मी खालीच असतो. भुंकला की वर येईन."

शशिकलाबाईंनी किल्ली घेतली. जिन्यात मात्र त्या थांबल्या. असं म्हणणारं एक माणूस त्या दिवशी तिथे असतं, तर आज ही खोली शोधावीच लागली नसती.