सिंहासनावर बसून काढा

रणधवल राजाला युवराज हवा होता, पण देव देईल तसला नको. शिंप्याला माप देऊन अंगरखा शिवून घ्यावा, तसा हवा होता! राणीसाहेबांना दिवस गेले आणि गोपीनाथशास्त्री नावाचे वैद्य काढा घेऊन दरबारात हजर झाले. म्हणाले, पोटातलं बाळ आईबापावर न जाता या काढ्यावर जाईल. उंची, अक्कल, हिंमत, राजाला लागणारे सगळे गुण जन्मतःच अंगात!

राजा हट्टी असला तरी खुळा नव्हता. राणीला पाजण्याआधी काढा दुसऱ्या कोणावर तरी करून बघायचं ठरलं. दुसरं कोण असणार? गरीबच! माळावरची ठकू धनगरीण पोटुशी होती, तिला बोलावणं गेलं. हुकूम असा, की काढा पी, नाहीतर नवरा आणि मेंढरं घेऊन राज्याबाहेर चालती हो.

बाळ काळं असो, बुटकं असो, ते आपल्यावर जावं एवढंच ठकूला वाटत होतं. पण रडून भागणार नव्हतं. पदर सावरून ती म्हणाली, "पिते की, सरकार. पण आधी माझे डोहाळे पुरवा."

पोटुशीच्या डोहाळ्यांना नाही म्हणू नये, हे राजालाही ठाऊक. राणीला बोरं खावीशी वाटली म्हणून त्यानं भर उन्हाळ्यात घोडेस्वार पिटाळले होते! तो म्हणाला, "माग, काय हवं ते."

"मला त्या सिंहासनावर बसून काढा प्यायचाय."

दरबार हबकला. हे कसले भलतेच डोहाळे, म्हणून राजानं डोळे वटारले.

"माझे नव्हेत, बाळाचे. काढा खरा असेल तर माझ्या पोटी राजाच निपजणार. त्याला बसायची जागा आत्ताच दाखवून ठेवते. पुढं कोणी बसायचं, ते तो अन् युवराज आपसात बघून घेतील."

राजाची चुळबुळ सुरू झाली. एका राज्यात दोन राजे! त्यानं घाईघाईनं शास्त्रीबुवांना सांगितलं, हिच्यापुरता काढा जरा पातळ करा.

"करा की," ठकू म्हणाली. "पातळ काढा माझ्यावर करून बघाल. मग दाट काढा आधी कोणावर? राणीसाहेबांवर?"

राजानं शास्त्रीबुवांकडे पाहिलं, तर ते छताकडे बघत होते! मग मात्र राजाला हसू आवरेना. काढा मोरीत गेला, ठकूला लुगडं-चोळी आणि चराईला नदीकाठचं कुरण मिळालं. ती निघाली, तशी राजाला शंका आली.

"पण ठकूबाई, युवराज माझ्यासारखाच हट्टी निघाला तर?"

"निघू द्या की, सरकार. माझं लेकरू माझ्यासारखं निघणारच आहे!"

पडद्याआडून आधी राणीसाहेब हसल्या, आणि मागोमाग राजा.