बंधारा सोडणारं गाव

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला आपल्या बंधाऱ्याचा मोठा अभिमान होता. शेजारच्या गावांत उंच देवळं होती, दगडी वेशी होत्या. या गावाचा बंधारा मात्र पावसाळाभर दिसतच नसे.

हसू नका, नीट ऐका. पाऊस सरला, नदीचं पाणी निवळलं की गावकरी दगड, लाकूड, गवत आणि चिकणमाती रचून नदीला बंधारा घालत. थंडीत त्या पाण्यावर वाल-मूग पिके, उन्हाळ्यात भाजीचे मळे हिरवे राहत. आणि मृग जवळ आला की तोच बंधारा ते आपल्या हातांनी उकलत, पुराला वाट मोकळी करून देत. बंधारा मोडला असं गावात कुणी म्हणत नसे, सोडला म्हणत. ज्याने पहिला दगड ठेवला त्यानेच पहिला दगड काढायचा, तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही, अशी रीत होती.

एका वर्षी पहिल्या दगडाचा मान सुभानजी नावाच्या तरण्या गवंड्याला मिळाला. आणि पठ्ठ्याने कमाल केली. बंधारा नदीत असा बसला की थेंब गळेना. राजा शिकारीहून परतताना तिथे थांबला. बंधाऱ्यावरून पलीकडे चालत गेला, परत आला आणि म्हणाला, "माझ्या अख्ख्या राज्यात असं काम नाही. पाऊस सरला की पाहुण्या राजांना घेऊन येईन आणि हा बंधारा दाखवीन."

झालं. सुभानजीचे पाय जमिनीवर राहीनात. गावही काही कमी नव्हतं, जो तो मिशीला पीळ देत फिरू लागला. पाऊस सरेल तेव्हा हा बंधारा जागेवर नसेल, हे राजाला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

वैशाख सरत आला. वारा फिरला, डोंगरामागे ढग जमू लागले. गावचे पाटील म्हणाले, "सुभानजी, दगड काढायची वेळ झाली."

"या वर्षी नाही काढणार, पाटील. माझा बंधारा पूर पेलेल."

पाटील त्याला घेऊन माईंकडे गेले. माई म्हणजे नदीकाठच्या गुहेत राहणाऱ्या म्हाताऱ्या योगिनी. सकाळी काठावर बसून प्राणायाम करायच्या, गावातल्या पोरांना शिकवायच्या, आणि बोलायला मोठ्या फटकळ. सुभानजीही लहानपणी त्यांच्याकडेच शिकला होता.

गेल्या गेल्या तो म्हणाला, "माई, आसन स्थिर हवं, हे तुम्हीच शिकवलंत. माझा बंधारा स्थिर आहे. मग मी तो का हलवू?"

"बस खाली," माई म्हणाल्या. "खोल श्वास घे. घेतलास? आता धरून ठेव."

सुभानजीने श्वास धरला. माई निवांतपणे चुलीत लाकूड सारत राहिल्या. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या आणि शेवटी त्याने भस्सकन श्वास सोडला.

"का रे सोडलास? इतका छान घेतला होतास की."

पाटील हसले. सुभानजी हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "श्वास पुन्हा येतो, माई. असा बंधारा माझ्या हातून पुन्हा होईल की नाही, कोण जाणे. हा कसा जमला, तेच मला कळलेलं नाही."

माईंनी हातातलं लाकूड बाजूला ठेवलं. मग मायेने म्हणाल्या, "अरे लेका, हे आधी सांगायचंस. तुला बंधाऱ्याचा लोभ नाही, तुला आपल्या हातांचा भरवसा नाही. योगात अभ्यास आहे, म्हणजे रोज नव्याने करत राहणं. आणि वैराग्य आहे, म्हणजे केलेलं धरून न बसणं. तू अर्धाच योग शिकलास बघ."

सुभानजीला ते पटलं. तरीही दगड काही त्याने काढला नाही. आपलंही असंच होतं, नाही का?

मग एका दुपारी वरच्या डोंगरात पाऊस कोसळला. गावात थेंब नव्हता, पण नदी फुगली. वाहून आलेली झाडं बंधाऱ्याला अडली आणि तुंबलेलं पाणी काठावरच्या आळीकडे वळलं. गोठ्यांत पाणी शिरलं, गुरं हंबरू लागली, बाया लेकरांना कडेवर घेऊन टेकाडाकडे निघाल्या. पुरुषमाणसं पहारी घेऊन नदीवर आली आणि थांबली. पहिला दगड सुभानजीचा होता. कुणी त्याला बोल लावला नाही, सगळे फक्त वाट बघत राहिले. स्वतःची घरं बुडत असताना ही माणसं आपला मान राखतायत, हे बघून सुभानजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने कमरेला दोर बांधला, टोक पाटलांच्या हातात दिलं आणि तो पाण्यात उतरला. दगड कुठे आहे ते त्याच्या पायांना ठाऊक होतं. पहार घालून त्याने तो उपटला, छातीशी धरून काठावर आणला. मग सगळे हात लागले आणि पाणी गर्जत मोकळ्या पात्रात निघालं. आळी वाचली. आपला बंधारा वाहून जाताना बघत सुभानजी हुंदके देऊन रडला, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

पाऊस सरला. राजा थाटामाटात पाहुण्यांना घेऊन आला, आणि बघतो तर नदी मोकळी वाहत होती. "बंधारा कुठे आहे?" त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"सोडला, महाराज," पाटील छाती काढून म्हणाले. "आम्ही दर वर्षी सोडतो."

"असलं काम सोडून दिलंत?"

सुभानजी पुढे झाला. "महाराज, पुराने नदीचं पात्र बदललंय. जुना बंधारा आता इथे बसलाच नसता. उद्या मी नव्याचा पहिला दगड ठेवणार आहे. थांबलात तर बघायला मिळेल."

राजा थांबला. पहिला दगड सुभानजीने दोनदा ठेवून दोनदा उचलला, पण पुढे हातांना काम आठवत गेलं. नवा बंधारा जुन्यासारखा झाला नाही, नदीसारखं वळण घेऊन उभा राहिला. एका कोपऱ्यात जरासा झिरपत होता, तेही सुभानजीने पाहुण्यांना आपणहून दाखवलं.

पुढच्या मृगाआधी राजा पुन्हा आला, या वेळी बंधारा सुटताना बघायला. शेजारच्या गावांची माणसंही काठावर जमली होती. सुभानजीने पहिला दगड काढला आणि थेट राजाच्या हातात दिला. "जरा धरा, महाराज."

राजाने तो कौतुकाने धरला. थोड्या वेळाने त्याचे हात भरून आले. "खाली ठेवू का रे?" त्याने हळूच विचारलं. काठावर बसलेल्या माई गालातल्या गालात हसल्या.

"ठेवा की, महाराज," सुभानजी ताठ मानेने म्हणाला. "पाऊस सरला की पुन्हा उचलायचाच आहे."

तात्पर्य: ज्याचा आपल्या हातांवर भरवसा असतो, त्यालाच हातातलं अभिमानाने सोडता येतं.