खाडीत रुतलेला भाविक

एका खाडीकाठच्या गावात दुमिंग नावाचा एक भाविक राहायचा. माणूस सरळ, कष्टाळू, पण एक खोड भारी वाईट. कुणाचं काही फुकट घ्यायचं म्हटलं की त्याला ते जड जायचं. देवाकडूनसुद्धा. "स्वर्गात जाईन तर माझ्या पुण्याईवर," असं तो चारचौघांत सांगायचा.

चर्च होतं खाडीपलीकडे. सणाच्या सकाळी दुमिंग नारळांची टोपली डोक्यावर घेऊन काठावर आला. तेव्हा ओहोटी होती. होडीवाली म्हातारी जाळं शिवत बसली होती. ती म्हणाली, "थांब बाबा, भरती आली की नेते पलीकडे. मी कुणाकडून काही घेत नाही."

"नको माय. देवाच्या दारी मी माझ्या पायांनी जाणार." असं म्हणाला आणि उतरला की हा पठ्ठ्या चिखलात.

अर्ध्या वाटेवर तो गुडघ्यापर्यंत रुतला. एक पाय उपसायला गेला तर दुसरा आणखी खोल. खाडीच्या चिखलाचं असंच असतं, जितकी धडपड कराल तितका तो आत ओढतो. मांड्या गेल्या, कंबर गेली. त्यात भरतीचं पाणी यायला लागलं. आता मात्र दुमिंगची घाबरगुंडी उडाली. "वाचवा, वाचवा," म्हणून तो ओरडला. मान वळवून बघतो तर म्हातारी एका लांब फळीवर पालथी पडून सरकत आलेली.

"टोपली टाक. मागे रेल, डोकं फळीवर टेक आणि पाय झाडू नकोस."

"टोपली देवाची आहे, माय. तू नुसता हात दे, मी निघतो माझा माझा."

"तुझ्याच जोराने तू इथवर रुतलास," म्हातारी म्हणाली. "ओढीन मी. पण तू झाडत राहिलास तर मला ओढता येणार नाही, आणि जबरदस्ती मी करणार नाही."

पाणी छातीशी आलं. ज्या जोरावर आयुष्य काढलं तो सोडायचा, हे त्याला मरणाहून अवघड वाटत होतं. म्हातारी "सोड बाबा, मी आहे" म्हणत राहिली, त्या धीरावर शेवटी त्याने टोपली सोडली आणि डोकं टेकलं. त्याने केलं ते एवढंच. पायांभोवतीचा चिखल म्हातारीने हातांनी उपसला, त्याला फळीवर घेतलं आणि ढकलत पलीकडच्या काठाला नेलं.

चर्चच्या पायरीवर लोक जमले. अंगात जरा ऊब येते न येते तोच दुमिंग सांगू लागला, "मी वेळेवर हाक मारली, शहाण्यासारखा पडून राहिलो, म्हणून वाचलो."

म्हातारी बाजूला शिंपल्यांनी कापलेली बोटं धूत होती. त्याने तिला विचारलं, "खरं ना माय? हाक मारली नसती तर तू आली असतीस का?"

"बाबा, तू हाक मारलीस तेव्हा मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते. तू चिखलात पहिला पाय टाकलास तेव्हाच मी फळी काढली. सगळी वाट मागून तुला हाका मारत आले. तुला ऐकूच गेल्या नाहीत."

दुमिंगला रडू कोसळलं. तिची ती कापलेली बोटं त्याने कपाळाला लावली. मग आत जाऊन गुडघे टेकले. एरवी आपण काय काय केलं ते तो देवाला सविस्तर सांगायचा. त्या दिवशी मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत "देवा, तुझे उपकार" एवढंच म्हणत राहिला.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: देव आपल्या हाकेआधीच आपल्याला तारायला निघालेला असतो. त्याला नाही म्हणणं आपल्या हातात असतं, पण हो म्हणायचं बळही तोच देतो; म्हणून वाचलेल्याने बढाई मारू नये, आभार मानावेत.