राखेचा नवस

भाविकहो, कांबळीनाथ महाराज धारजाई देवीच्या गडाखाली आंबेमेट गावात राहत होते, त्या दिवसांतली ही हकिकत. मठ कसला, गवताने शाकारलेली एक खोपी. मधोमध अखंड पेटती धुनी आणि तिच्या कडेला काळी कांबळी पांघरून बसलेले महाराज. गडावर निघालेला माणूस आधी तिथे डोके टेकायचा आणि मगच पहिली पायरी चढायचा. धारजाईच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या, उभ्या अंगाच्या. भल्याभल्यांना त्या वयाची आठवण करून देत.

ज्यांचा नवस मोठा, त्या बायका एकेका पायरीला वाकून हळदकुंकू लावत गड चढत. गावात ठकू नावाची एक बाई होती. नवरा कोंडाजी अंथरुणाला खिळला तेव्हा तिने असाच नवस बोलला होता. कोंडाजी उठला, कामालाही लागला. मग आज जाऊ, उद्या जाऊ असे दोघांचेही चालले. सुख आले की माणसाला देवीची वाट लांब वाटू लागते, त्यात ठकूचे एकटीचे काय चुकले? पण दुखणे उलटले आणि कोंडाजी गेला. वर्ष सरते न सरते तोच लेक सगुणा त्याच तापाने अंथरुणाला लागली.

शेजारणी म्हणाल्या, "देवीचं देनं ऱ्हायलंय तुझ्याकडं. ती सोडती व्हय?"

ठकूच्या पायाखालची जमीन सरकली. नवस फेडावा तर तो कुंकवाचा, आणि तिचे कपाळ तर पांढरे झालेले. त्या काळी विधवेने कुंकवाच्या करंड्याला हात लावणेही पाप समजत. न फेडावा तर डोळ्यांदेखत लेक चाललेली.

नवरात्रातली सप्तमी होती. गावचे रायाजीराव देशमुख चावडीवर बसले होते. अष्टमीच्या महापूजेचा पहिला मान त्यांचा, आणि मानेतला ताठा तर पिढीजात. ठकूने लांबूनच पदर पसरला.

"सरकार, सूनबाईंनी माझ्या नावानं पायऱ्यांस्नी कुंकू लावलं तर माझी पोर वाचंल. तेवढी भीक घाला."

देशमुख मोठ्याने हसले. "नवरा जिवंत होता तेव्हा देवी आठवली नाही, आणि आता माझ्या घरची सवाष्ण तुझ्यापायी पायऱ्या पुजत फिरणार? नवस बुडवलास, नवरा गिळलास. आता गडाला तरी विटाळ करू नकोस."

चावडीवरचे चार लोकही हसले. देशमुख हसले की त्यांना हसावेच लागे.

ठकूने सगुणाला खांद्यावर घेतले आणि ती मठात आली. पोर भट्टीसारखी तापली होती, डोळे अर्धवट मिटलेले. तिला धुनीपुढे ठेवून ठकू म्हणाली, "महाराज, फेडला तर विटाळ, न्हाई फेडला तर पोर जाती. बाईनं जावं तरी कुटं? मला तर दोन्हीकडं दरीच दिसती."

महाराजांनी धुनीतली निवलेली राख ओंजळीने भरून तिच्या ओटीत घातली.

"हे लाव पायऱ्यांना."

"राख? देवीच्या पायरीला?"

महाराज म्हणाले, "बाई, तुझ्याजवळ राखच उरली आहे. जे आहे तेच घेऊन जायचे. ते काय तिला ठाऊक नाही?"

"पोर वाचंल नव्हं, महाराज?"

महाराजांनी अंगावरची कांबळी काढून सगुणाखाली अंथरली आणि एवढेच म्हणाले, "हिच्याजवळ मी बसतो. तू उजाडताच निघ."

अष्टमीला ठकूने पहिल्या पायरीवर राखेचे बोट टेकले. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. वाकायचे, बोट टेकायचे, पुन्हा उठायचे. जाणारे येणारे तिच्याकडे पाहून नाके मुरडत होते. राखेने कोणी देवी पुजते का? ती कोणाला उत्तर देत नव्हती. कंबर मोडत आली तेव्हा ती गुडघ्यांवर चढू लागली. प्रत्येक पायरीला ती एकच म्हणत होती, "आई, माझी सगुणा. आई, माझी सगुणा."

निम्म्या गडावर पोहोचली आणि आभाळ भरून आले. परतीचा पाऊस तो, सांगून थोडाच येतो? ओटीतली राख भिजू नये म्हणून ती पोटाशी धरून वाकून चढली. देवळाच्या उंबऱ्याशी शेवटची चिमूट टेकली तेव्हा तिचे गुडघे सोलवटून निघाले होते.

देशमुख महापूजा आटोपून सभामंडपात उभे होते. तिला पाहून म्हणाले, "वा! राखेचा नवस! जरा मागे वळून बघ, ठकू. तुझी पूजा धारजाईला किती आवडली ती बघ."

ठकूने मागे पाहिले. पावसाचे लोट पायऱ्यांवरून धावत होते. काळा कातळ धुऊन स्वच्छ झाला होता. राखेचा एक ठिपकासुद्धा कुठे उरला नव्हता.

भाविकहो, त्या माउलीचे काय झाले असेल! तिने दर्शन घेतले नाही, हातही जोडले नाहीत. देवीनेच आपल्याला पुसून टाकले, आता मरताना तरी लेकीला मांडी मिळू दे, एवढे मनात धरून ती उलट पावली धावत सुटली.

इकडे गडावर ढग उतरले. पुढचा माणूस मागच्याला दिसेना. डोलीवाले हात जोडून म्हणाले, "सरकार, खिंडीतल्या चार पायऱ्या ढासळल्यात. आज वरच ऱ्हावा."

"देशमुखाने वाटेला भिऊन मुक्काम केला, असं गावाने म्हणायचं?" असे म्हणून देशमुख एकटेच उतरू लागले. अनवाणी, कारण गडाची रीतच तशी.

खिंडीत त्यांचा पाय सरकला. काठी हातातून सुटली आणि दरीत गेली. तिचा खाली आपटल्याचा आवाज आलाच नाही. देशमुख कातळाला चिकटून उभे राहिले. पुढे पायरी आहे की दरी, कळेना. हाका मारल्या, कोणी ओ देईना. जन्मात पहिल्यांदा त्यांना रडू आले. "आई, मला वाट दाखव," एवढेच तोंडातून निघाले.

आणि पायाशी लाल बोट उमटले! त्यापुढे दुसरे, त्यापुढे तिसरे. वरून पाणी वाहत होते आणि पाण्याखाली कुंकू ओलेलाल होत चालले होते. देशमुख त्या बोटांवर पाय टेकत टेकत उतरले.

मठात ठकू सगुणाला कांबळीसकट मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे अंग गार पडत चालले होते. महाराजांचे डोळे भरले होते. "राख बी धुतली, महाराज," एवढेच ठकू पुन्हा पुन्हा म्हणत होती.

इतक्यात देशमुख दारात आले. पागोटे नाही, अंग चिखलाने भरलेले. पावसाने सारे अंग निथळत होते, पण त्यांचे पाय पडले तिथे उंबऱ्यावर लाल पावले उमटली.

महाराज म्हणाले, "देशमुख, तळवे कशाने रंगले?"

"पायऱ्यांवर कुंकू आहे, महाराज. खिंडीपासून थेट पायथ्यापर्यंत. त्याच्या खुणेने मी वाचलो."

"कोणी लावले?"

देशमुखांनी ठकूच्या हातांकडे पाहिले. नखांत अजून राखच होती. ते पुढे झाले आणि सगळ्या गावचा मान असलेले ते डोके तिच्या सोलवटलेल्या पायांवर टेकले.

"ठकूबाई, तुझा नवस पोहोचला. मी डोळ्यांनी पाहिला. कुंकू मी नाकारलं, देवीने नाही."

ठकूने लेकीला आणखी पोटाशी ओढले. गेलेला नवरा कशानेच परत येणार नव्हता, आणि मांडीवरची लेक हालत नव्हती. धुनीतले एक लाकूड तेवढे तडतडले. आणि मग त्या कांबळीतून बारीकसा आवाज आला.

"आये, पानी."

ठकूने एकदा लेकीकडे पाहिले, एकदा पायांवरच्या डोक्याकडे. आणि ती हुंदका आवरत म्हणाली, "उठा, सरकार. पाय सोडा. माझी पोर पानी मागतीया."

देशमुख उठले, पण तिला उठू दिले नाही. मठातला तांब्या त्यांनी स्वतःच्या हाताने भरला आणि गुडघे टेकून, मान लववून पोरीच्या ओठांशी धरला.