मखमली मोजड्या

फार पूर्वी, खाडीकाठच्या एका गावात दोघं बहीण-भाऊ राहत होते. आई गेली तेव्हा भाऊ इतका लहान होता की त्याला आईचा चेहराही आठवत नसे. बहिणीनंच त्याला वाढवलं. तो तिला बाय म्हणायचा आणि ती त्याला बाबू म्हणायची.

गावातली सगळी माणसं मिठागरात राबत. बहीणही राबायची. दिवसभर गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, मीठ ओढायचं, टोपल्या भरायच्या. मिठानं तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात करंगळीचं टोक मावावं. संध्याकाळी चुलीपाशी बसून ती भेगांत गरम कोकमाचं तेल सोडायची. डोळे घट्ट मिटायची, पण तोंडातून आवाज काढायची नाही.

हंगाम संपला की मजुरीत मीठ मिळे. त्या वर्षी भावानं आपल्या वाट्याचं मीठ दिलं आणि जत्रेतून लाल पटका घेतला. पोटभर जिलबी खाल्ली आणि उरलेलं कुस्तीच्या पैजेत घालवलं. पटका बांधून तो घरी आला तेव्हा बहीण म्हणाली, "थांब जरा, दृष्ट काढते. नवरदेव दिसतोस अगदी!"

आठ दिवसांनी गावात मोजड्या विकणारा आला. आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीनं स्वतःसाठी काही घेतलं. जांभळ्या मखमलीच्या मोजड्या, त्यावर रुपेरी जरीची वेलबुट्टी. त्यांच्या बदल्यात तिनं आपल्या वाट्याची अख्खी गोणी दिली.

मिठागरात मोजड्या घालता येत नाहीत, वाळूत घातल्या तर मखमल खराब होते. म्हणून ती संध्याकाळी पाय धुवायची, पुसायची, मोजड्या घालायची आणि चुलीपासून दारापर्यंत चालायची. दारापासून परत चुलीपर्यंत. बस, एवढंच. चालताना स्वतःशीच हसायची. बाहेर भावाची चाहूल लागली की झटकन काढून पदराखाली घ्यायची.

तीन संध्याकाळ असं चाललं. चौथ्या दिवशी भाऊ लवकर घरी आला.

"बाय, पायात काय आहे?"

बहीण चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. "घेतल्या बाबा. फार मऊ आहेत रे. हात लावून तर बघ."

"कशानं घेतल्या?"

भावानं कोपऱ्यात पाहिलं. गोणी नव्हती.

भाऊ तापट होता. मनात आलं की तोंडातून गेलंच. "छपराला भोकं पडलीत, पाऊस तोंडावर आलाय, त्या मिठावर मी झावळ्या आणणार होतो! आणि तू मखमल घेतलीस? या पायांना? आधी पाय बघ स्वतःचे! आई असती ना, तर लाजेनं मान खाली घातली असती तिनं."

बहिणीनं मोजड्या काढल्या. एकीवर एक ठेवल्या, जुन्या फडक्यात गुंडाळल्या. "पुढच्या वर्षी तो आला की परत देईन," ती म्हणाली. "हात धू. भाकरी वाढते."

तिनं फडकं माळ्यावर ठेवून दिलं. त्याला त्या रात्री भाकरी गेली नाही, पण तसं त्यानं तिला सांगितलं नाही.

छपराचं काय, ते झालंच. शेजारच्या काकांनी आपल्या माडाच्या झावळ्या फुकट दिल्या. पावसाळ्यात घरात एक थेंब गळला नाही. कोरड्या घरात दोघं जेवायला बसत तेव्हा भावाची नजर माळ्याकडे जाई. 'घाल की गं त्या मोजड्या,' एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलत नव्हती. मग त्यानं मनाशी ठरवलं, आता भाऊबीज आलीच. ती ओवाळेल तेव्हा ताटात ओवाळणी टाकायच्या ऐवजी आपण खाली बसू आणि या मोजड्या स्वतःच्या हातानं तिच्या पायात घालू. ती हसेल. मग बोलायला लागायचंच नाही.

घट बसले त्या दिवशी बहिणीला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी ती उठेना. भाऊ उशाशी बसला. सारखं वाटत होतं, माळ्यावर चढावं, मोजड्या काढाव्यात. पण गावात अंथरुणावरच्या माणसाला नवं नेसवायचे ते मरतानाच. आता नवी वस्तू पायात घातली तर बाय काय समजेल? घाबरेल. आपण चाललो असं वाटेल तिला. म्हणून तो जागचा हलला नाही.

"बाबू, जेवलास का?" तिनं विचारलं.

"जेवलो."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढचं सगळं गावानं केलं. भाऊ नुसता उभा होता. मोजड्या चितेवर ठेवाव्यात हेसुद्धा त्याला सुचलं नाही. घरी परत आला, माळ्यावर चढला आणि फडकं सोडलं तेव्हा त्याला आठवलं.

त्यानं मोजड्या उलट्या करून तळवे पाहिले. त्याला वाटत होतं, चोरून का होईना, मी घरात नसताना तिनं घातल्या असतील. तळवा थोडा तरी झिजला असेल. मातीचा एखादा डाग असेल.

तळवे नव्याकोऱ्यासारखे होते. चार संध्याकाळची जरा धूळ होती, तेवढीच.

त्या गावाची एक रीत होती. दहाव्या दिवशी खाडीवर भाताचा पिंड ठेवायचा. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग जवळच्या माणसानं पुढे होऊन शब्द द्यायचा, 'तुझं राहिलेलं मी करीन,' आणि मगच कावळा येतो. त्यामुळे त्या गावातल्या लोकांना वाटे की सगळ्या चुका दहाव्याला दुरुस्त होतात. जिवंतपणी राहून गेलेलं तिथे बोलता येतं.

भावालाही तसंच वाटत होतं. त्या आधारावर त्यानं नऊ दिवस काढले. काय बोलायचं ते त्यानं पाठ केलं होतं. 'बाय, मी चुकलो. तुझे पाय मला आईच्या पायांहून थोर. या मोजड्या तुझ्याच आहेत. खाडीत सोडतो, घालून जा.'

दहाव्या दिवशी तो मोजड्या छातीशी धरून उभा राहिला. पिंड ठेवला. सगळे मागे सरले.

हात जोडायच्या आधीच तिवराच्या झाडावरून एक कावळा उतरला आणि थेट पिंडावर बसला.

"सुटली बिचारी," बायका म्हणाल्या. "कशातच जीव नव्हता अडकला. भाग्याची."

भाऊ एकदम पुढे धावला. "हूश! उठ! ए, उठ तिथून! अरे थांब की, मला अजून बोलायचंय!"

सगळे हादरले. पिंडावरचा कावळा कुणी हाकलतं का? दोघा जणांनी भावाला धरलं. कावळा भाताचा घास चोचीत घेऊन उडाला आणि तिवरात दिसेनासा झाला.

गावातला एक म्हातारा हळूहळू जवळ आला. भावाला वाटलं, आता हा रागावणार. पण म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाला, "पोरा, तिनं जन्मात कधी काही मागितलं का तुझ्याकडे? मग आता कशी मागेल?"

भाऊ ओल्या वाळूत बसला. मोजड्या त्याच्या मांडीवर होत्या. पाठ केलेलं सगळं तोंडात तसंच होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

ओहोटी लागली, लोक पांगले. घरी येऊन त्यानं मोजड्या माळ्यावर ठेवल्या नाहीत. चुलीपाशी ठेवल्या, दाराकडे तोंड करून. रोज संध्याकाळी तो त्यांच्यावरची धूळ पुसतो. तळवे अजून नव्यासारखेच आहेत.

तात्पर्य: जे माणूस आपल्यासाठी झिजलं, त्यानं कधी स्वतःची एखादी हौस केली तर त्याला लाजवू नये. लाजवलंच, तर त्याच दिवशी माफी मागावी. गेलेलं माणूस रागावत नाही आणि माफही करत नाही.